आतल्या खणातली वस्तू : नेस्टेड डेटामधील शोधासाठी लोडॅश

लोडॅश ही जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संग्रह, मी एका प्रश्नपेढीच्या प्रकल्पात दोन वर्षे जवळजवळ रोज वापरली आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. प्रश्नपेढीचा डेटा अनेक पातळ्यांचा, म्हणजे नेस्टेड, होता: विषयांचा एक ॲरे (क्रमाने मांडलेली यादी), प्रत्येक विषयात प्रकरणांचा ॲरे, प्रत्येक प्रकरणात प्रश्नांचा ॲरे, आणि प्रत्येक प्रश्नासोबत टॅगांचा ॲरे व तपासणीची माहिती ठेवणारे एक लहान ऑब्जेक्ट, म्हणजे प्रॉपर्टींची नावे आणि त्यांची मूल्ये यांचा संच. सर्व्हरकडून हे सगळे जेसन या मजकुराच्या रूपात डेटा पाठवण्याच्या पद्धतीने एकाच प्रतिसादात येत असे आणि पुढचा सारा शोध ब्राउझरमध्येच करावा लागे. लोडॅशमध्ये दोनशेहून अधिक फंक्शने आहेत. त्यांतली बहुतेक मी येथे विचारातच घेतलेली नाहीत. एकमेकांच्या पोटात बसलेल्या ऑब्जेक्टांमधून हवे ते शोधून काढणे, या एकाच कामात ही लायब्ररी किती उपयोगी पडते एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

लोडॅशचा जन्म 2012 सालचा. जेरेमी ॲश्केनास यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंडरस्कोर या लायब्ररीतून जॉन-डेव्हिड डाल्टन यांनी ती वेगळी काढून वाढवली. त्या काळची अडचण आज नव्याने शिकणाऱ्यांना सांगितल्याखेरीज कळत नाही. 2009 च्या अखेरीस आलेल्या ईएस5 या जावास्क्रिप्टच्या प्रमाणात अटीत बसणारे सर्व घटक देणारे ‘फिल्टर’ आणि ‘सम’ ही फंक्शने होती, परंतु अटीत बसणारा पहिला घटक हाती देणारे ‘फाइंड’ भाषेत यायला 2015 साल उजाडले, आणि मधली एखादी पातळी गहाळ असली तरी न कोसळता पुढे जाऊ देणारे प्रश्नचिन्ह-टिंब, म्हणजे ऑप्शनल चेनिंग, तर 2020 मध्ये आले. तोवर तीन पातळ्या खाली उतरायचे म्हटले की प्रत्येक पायरीवर ‘हे आहे का, असेल तर त्यातले ते आहे का’ अशी तपासणीची लांबलचक माळ ओवावी लागत असे. लोडॅशने ही माळ नाहीशी केली, आणि त्या काळी तेवढ्या एका कारणासाठी ती प्रकल्पात घेणे रास्तच होते. जाता जाता एक खुलासा करतो: ‘सम’ हे फंक्शनचे नाव देवनागरीत लिहिले की ते विषमच्या विरुद्ध असलेल्या सम शब्दासारखे दिसते; येथे त्याचा अर्थ ‘निदान एक तरी घटक अटीत बसतो का’ एवढाच घ्यावा.

शोधाची अट सांगण्याच्या तीन संक्षिप्त रीती लोडॅशमध्ये आहेत आणि तिची खरी ओळख त्यांतच आहे. पहिल्या रीतीत अटीच्या जागी नुसता पथ लिहायचा, म्हणजे ‘तपासणी’ टिंब ‘पूर्ण’ अशा टिंबांनी जोडलेल्या प्रॉपर्टींची नावे अवतरणात द्यायची. त्या जागी सत्य मानले जाईल असे मूल्य ज्या घटकात असेल तो घटक मिळतो. दुसऱ्या रीतीत पथ आणि अपेक्षित मूल्य यांची जोडी द्यायची. तिसऱ्या रीतीत हव्या त्या घटकाचा नमुनाच एका ऑब्जेक्टच्या रूपात मांडायचा, आणि या रीतीविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे. पहिली रीत दिसायला सर्वांत देखणी, पण तीच मी सर्वांत आधी सोडली. प्रश्नाला दिलेले गुण शोधताना शून्य गुणांचे प्रश्न यादीतून गायब झाले, कारण शून्य आणि रिकामा मजकूर ही दोन्ही मूल्ये जावास्क्रिप्टमध्ये असत्य मानली जातात. ‘गुण ही प्रॉपर्टी आहे का’ असे विचारल्याचा माझा समज होता आणि प्रत्यक्षात प्रश्न ‘गुण शून्याहून वेगळे आहेत का’ असा विचारला जात होता.

आता तिसऱ्या रीतीकडे वळतो, कारण लोडॅशची बाजू घ्यायची तर ती याच एका गोष्टीच्या बळावर घेता येते. नमुन्याचे ऑब्जेक्ट दिल्यावर लायब्ररी त्याची प्रत्येक घटकाशी खोलवर, परंतु अंशतः तुलना करते. म्हणजे नमुन्यात जे सांगितले आहे ते घटकात असले पाहिजे, घटकात त्याहून अधिक काही असले तरी चालते. एवढे बहुतेकांना माहीत असते. पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की हीच अंशतः तुलना नमुन्यातल्या ॲरेंनाही लागू होते आणि त्यात क्रम पाहिला जात नाही. ज्याच्या ‘प्रकरणे’ या ॲरेमध्ये एक घटक असा आहे, की ज्याच्या ‘प्रश्न’ या ॲरेमध्ये क्रमांक 412 असलेला घटक आहे, असा नमुना लिहून ‘फाइंड’ला दिला, तर 412 क्रमांकाचा प्रश्न ज्या विषयात कोठेतरी आहे तो विषय हाती येतो. प्रकरण कितवे आहे, प्रश्न कितवा आहे, हे काहीच सांगावे लागत नाही. भाषेच्या अंगभूत फंक्शनांनी हेच करायचे तर ‘फाइंड’च्या आत ‘सम’ आणि त्याच्या आत आणखी एक ‘सम’ अशी तीन कंसांची बांधणी करावी लागते. ती अवघड नाही, पण वाचणाऱ्याला डेटाचा आकार त्या कंसांतून मनात उभा करावा लागतो. लोडॅशच्या नमुन्यात तो आकार डोळ्यांसमोर जसाच्या तसा असतो. प्रकल्पात नव्याने आलेल्या सहकाऱ्याला हा भाग समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि माझ्या लेखी ही प्रशंसा मोठी आहे.

या सोयीच्या कडेला मात्र दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा लायब्ररीच्या दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत नोंदवलेला असूनही मी त्यात पडलो: नमुन्यात रिकामा ॲरे दिला तर तो कोणत्याही ॲरेशी जुळतो आणि रिकामे ऑब्जेक्ट कोणत्याही ऑब्जेक्टशी जुळते. अंशतः तुलनेच्या तर्काने पाहिले तर हे बरोबरच आहे, कारण रिकाम्या नमुन्याची काही मागणीच नसते. परंतु ‘टॅग रिकामे असलेले प्रश्न द्या’ असे म्हणताना मी टॅगांच्या जागी रिकामा ॲरे लिहिला आणि पेढीतले सगळे प्रश्न परत आले, तेव्हा तो तर्क आठवायला बराच वेळ लागला. अशा ठिकाणी लांबी शून्य आहे का हे तपासणारे साधे फंक्शनच लिहावे लागते.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे आणि तो मला लायब्ररीचा मूळ कोड वाचल्यावरच उमगला. नमुन्यातल्या ॲरेमध्ये दोन घटक दिले, तर एकाच खऱ्या घटकावर दोघांना हक्क सांगता येत नाही. पहिल्या नमुन्याशी जो घटक प्रथम जुळला तो त्याच्या नावावर लागतो आणि दुसऱ्यासाठी उरलेल्यांतूनच शोध होतो. समजा, नमुन्यात आधी ‘कठीण’ असा सैल घटक आणि मग ‘कठीण आणि तपासलेला’ असा कडक घटक लिहिला, आणि डेटामध्ये पहिला प्रश्न कठीण व तपासलेला, तर दुसरा कठीण पण न तपासलेला आहे. सैल नमुना पहिलाच प्रश्न पटकावतो, कडक नमुन्याला दुसरा प्रश्न चालत नाही, आणि प्रकरण अटीत बसत असूनही उत्तर नकारार्थी येते. नमुन्यातले दोन घटक उलट क्रमाने लिहिले की तेच प्रकरण सापडते. पर्यायी जोडी लावून पाहण्याची तसदी लायब्ररी घेत नाही. वेगासाठी तो निर्णय समजण्यासारखा असला, तरी क्रमाला महत्त्व नाही असे मानणाऱ्या तुलनेत नमुन्याच्या क्रमाने उत्तर बदलावे हे विचित्र आहे. कडक अट आधी आणि सैल अट नंतर लिहावी, एवढा नियम मी तेव्हापासून पाळतो.

हे सगळे मान्य केले तरी माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. नेस्टेड डेटामध्ये ‘शोध’ या एका शब्दाखाली प्रत्यक्षात तीन निरनिराळी कामे येतात. आत अमुक गोष्ट असलेला बाहेरचा घटक कोणता, हे पहिले काम. ती आतली गोष्ट स्वतः हाती देणे, हे दुसरे. आणि ती गोष्ट कोठे आहे, म्हणजे कोणत्या विषयाच्या कोणत्या प्रकरणात कितव्या जागी आहे, हे तिसरे. लोडॅशचे ‘फाइंड’ फक्त पहिले काम करते. वर वर्णिलेला देखणा नमुना 412 क्रमांकाच्या प्रश्नाचा विषय देतो, प्रश्न देत नाही. आणि प्रश्नच हवा असेल तर एवढा खोलवर जाऊन आलेल्या शोधाचे फळ टाकून देऊन त्याच वाटेने पुन्हा खाली उतरावे लागते. मला प्रकल्पात दहापैकी आठ वेळा तरी आतला प्रश्न हवा असे. अर्थात भाषेचे अंगभूत ‘फाइंड’ही बाहेरचाच घटक देते, आणि ‘फाइंड’च्या आत ‘फाइंड’ लिहिले की आतली वस्तू मिळेल या समजुतीने नवशिके हमखास फसतात: आतल्या ‘फाइंड’ने दिलेले ऑब्जेक्ट केवळ सत्य मूल्य म्हणून वापरले जाते आणि परत येतो तो विषयच. परंतु ज्या लायब्ररीने आतला आकार ओळखण्याची एवढी यंत्रणा उभारली आहे, तिने जुळलेला भाग सोबत परत करण्याची सोय केली असती तर तिची उपयुक्तता कितीतरी वाढली असती.

दुसऱ्या कामासाठी रूढ उपाय म्हणजे आधी डेटा सपाट करून घेणे. ‘फ्लॅटमॅप’ला विषयांचा ॲरे आणि ‘प्रकरणे’ हे नाव दिले की सर्व प्रकरणांची एक यादी मिळते, तिच्यावर ‘प्रश्न’ या नावाने तीच क्रिया केली की सर्व प्रश्नांची यादी मिळते, आणि मग तिच्यात साधे ‘फाइंड’ चालते. लोडॅशमध्ये हे दोन ओळींत होते. 2019 पासून भाषेतही ‘फ्लॅटमॅप’ आहे, तेव्हा यासाठी लायब्ररीची गरज राहिलेली नाही. फरक पडतो तो एखाद्या विषयात प्रकरणांचा ॲरेच नसेल तेव्हा. लोडॅश अशा विषयासाठी यादीत गुपचूप एक ‘अनडिफाइन्ड’ (मूल्यच नाही असे दाखवणारे चिन्ह) घालते, पुढच्या टप्प्यातही ते तसेच वाहून नेते, आणि शोधात काही बिघडत नसल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या पडद्यावर प्रश्नांची एकूण संख्या कित्येक आठवडे खऱ्याहून जास्त दिसत होती, ती यामुळेच. अंगभूत ‘फ्लॅटमॅप’ही पहिल्या टप्प्यात तेच करते, परंतु दुसऱ्या टप्प्यात ‘अनडिफाइन्ड’मधून ‘प्रश्न’ वाचायला गेल्यावर ते थेट टाइपएरर ही चूक फेकते आणि चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते.

या शांतपणाबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण लोडॅशचा तो स्वभावच आहे. पथ देऊन आतले मूल्य वाचणाऱ्या ‘गेट’ला दिलेल्या पथातली कोणतीही पातळी नसली तरी ते निमूटपणे ‘अनडिफाइन्ड’ देते. ‘फाइंड’ला ॲरेऐवजी ‘नल’, म्हणजे मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य, दिले तरी ते तक्रार करत नाही. सर्व्हरचा प्रतिसाद येण्याआधी पडदा रंगवावा लागतो अशा ठिकाणी हा गुण सोयीचा वाटतो. पण पथ हा अवतरणात लिहिलेला मजकूर असल्यामुळे ‘तपासणी’च्या जागी एक अक्षर चुकले तरी उत्तर तेच येते, जे माहिती खरोखरच नसताना येते. आणखी एक बारकावा: ‘गेट’ला तिसऱ्या क्रमांकावर दिलेले पर्यायी मूल्य फक्त ‘अनडिफाइन्ड’ आल्यासच वापरले जाते, ‘नल’ आल्यास नाही. डेटाबेसमधून आलेल्या जेसनमध्ये रिकाम्या जागा बहुधा ‘नल’ म्हणूनच येतात, कारण जेसनमध्ये ‘अनडिफाइन्ड’ नावाची चीजच नाही. त्यामुळे पर्यायी मूल्य दिले आहे म्हणून निर्धास्त राहिलेला कोड नेमका तेथे आपटतो. भाषेतले दुहेरी प्रश्नचिन्ह या दोन्ही मूल्यांना सारखेच वागवते आणि म्हणून या कामासाठी मला ते अधिक भरवशाचे वाटते.

पथांबाबत आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पथामध्ये चौकटी कंसात क्रमांक देऊन ‘पहिल्या प्रकरणाचे शीर्षक’ वाचता येते, परंतु ‘कोणत्याही प्रकरणाचे शीर्षक’ असे म्हणण्याची काहीच सोय नाही. ‘प्रकरणे’ टिंब ‘शीर्षक’ असे लिहिले तर लायब्ररी ॲरेवरच ‘शीर्षक’ ही प्रॉपर्टी शोधते आणि अर्थातच तिला काही सापडत नाही. हे जमणारी भाषा हवी असेल तर जेसनपाथकडे वळावे लागते: स्टेफान ग्योस्नर यांनी 2007 मध्ये मांडलेल्या या कल्पनेला फेब्रुवारी 2024 मध्ये आरएफसी 9535 या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने प्रमाणाचे रूप मिळाले, आणि तिच्यात तारांकनाने ‘कोणताही घटक’ व दोन टिंबांनी ‘कोणत्याही खोलीवर’ असे सांगता येते. तिच्या अंमलबजावण्या निवडताना गाळणीच्या अटी जावास्क्रिप्ट म्हणून चालवणाऱ्या लायब्ररींपासून जपावे, विशेषतः अटीचा मजकूर वापरकर्त्याकडून येणार असेल तेव्हा.

खोली आधीच ठाऊक नसेल तर लोडॅशची साथ बहुतांशी सुटते. आमच्या पेढीत दुसऱ्या वर्षी उपप्रकरणे आली, त्यांना पुन्हा उपप्रकरणे आली, आणि फोल्डरांच्या झाडासारखी रचना तयार झाली. एका पातळीसाठी एक ‘सम’ या हिशेबाने लिहिलेला कोड अशा झाडापुढे निरुपयोगी ठरतो, आणि नमुन्याच्या ऑब्जेक्टलाही आपण लिहू तेवढीच खोली असते. लोडॅशच्या मूळ संचात कोणत्याही खोलीवर शोध घेणारे फंक्शन नाही. ‘फ्लॅटमॅपडीप’ हे नाव आशा लावते, पण ते आलेल्या ॲरेंची घडी उलगडते, ऑब्जेक्टांच्या पोटात स्वतःहून शिरत नाही; तेथे उतरणारे रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे, फंक्शन आपणच लिहून द्यावे लागते. डीपडॅश नावाची एक पूरक लायब्ररी लोडॅशला ‘फाइंडडीप’ आणि ‘फिल्टरडीप’ यांची जोड देते, परंतु एका शोधासाठी लायब्ररीवर लायब्ररी चढवण्यापेक्षा पंधरावीस ओळींचा हातचा कोड मला बरा वाटला. त्यात मी पाहायचे राहिलेल्या घटकांची रास एका ॲरेमध्ये ठेवतो, वरचा घटक काढून तपासतो, जुळला तर घटक आणि तिथवरचा मार्ग दोन्ही परत करतो, नाहीतर त्याची उपप्रकरणे मार्गासह राशीवर टाकतो. फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याऐवजी अशी रास वापरली की अतिखोल झाडात कॉल स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी मर्यादित जागा, संपण्याची भीती राहत नाही, आणि वर सांगितलेली दुसरी व तिसरी अशी दोन्ही कामे एकाच फेरीत उरकतात. ऑब्जेक्ट एकमेकांकडे उलट निर्देश करत असतील तर पाहून झालेल्यांची नोंद वीकसेट या भाषेतल्या संचात ठेवावी, अन्यथा फेरी कधीच संपत नाही. निव्वळ जेसनमधून आलेल्या डेटामध्ये मात्र असे वर्तुळ असूच शकत नाही.

एक दोष इतका अनपेक्षित आहे की तो वेगळा नोंदवल्याशिवाय राहवत नाही. लोडॅशचे ‘फाइंड’ आणि ‘फिल्टर’ ॲरेप्रमाणेच साध्या ऑब्जेक्टवरही चालतात, आणि क्रमांकांना किल्ली मानून रचलेल्या डेटामध्ये ही सोय फार उपयोगी पडते. परंतु समोरची वस्तू ॲरेसारखी आहे की नाही हे लायब्ररी ‘लेंग्थ’ या प्रॉपर्टीवरून ठरवते. एखाद्या ऑब्जेक्टमध्ये लांबी, रुंदी, उंची अशी मापे इंग्रजी नावांनी ठेवलेली असतील, तर ‘लेंग्थ’मधला पूर्णांक पाहून लोडॅश त्याला तेवढ्या घटकांचा ॲरे समजते आणि शून्य, एक, दोन अशा नसलेल्या जागा तपासत बसते. रुंदी आणि उंची तिच्या दृष्टीस पडतच नाहीत. चूक दाखवणारा संदेश अर्थातच येत नाही.

मजकूर शोधण्याच्या बाबतीत लायब्ररीकडून अपेक्षाच ठेवू नये. तिची तुलना काटेकोर आहे, आणि देवनागरी मजकुरात काटेकोर तुलना पुष्कळदा दगा देते. ‘वाऱ्यावर’ मधला ‘ऱ’ हा एकाच सांकेतिक अक्षराने लिहिता येतो तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन अक्षरांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि जावास्क्रिप्टला निराळे वाटतात. 2015 पासून भाषेत असलेले ‘नॉर्मलाइझ’ दोन्ही बाजूंना लावले की हा भेद मिटतो. ‘ॲ’ मात्र त्यानेही वठणीवर येत नाही, कारण एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’ला जोडलेली अर्धचंद्राची मात्रा यांना युनिकोड हे अक्षरांच्या संकेतांचे मानक समान मानतच नाही; तेथे आपल्यालाच एक रूप निवडून दुसरे बदलून घ्यावे लागते. लोडॅशचे ‘डीबर’ हे अक्षरे साधी करणारे फंक्शन लॅटिन लिपीपुरतेच आहे.

वेग आणि आकार यांविषयी थोडक्यात लिहितो. संपूर्ण लायब्ररी जीझिप या फाइल लहान करण्याच्या पद्धतीने दाबल्यावर साधारण 24 किलोबाइट भरते. केवळ ‘फाइंड’ वेगळे आयात केले तरी नमुना जुळवण्याची खोल तुलनेची सारी यंत्रणा त्याच्यामागोमाग येते, त्यामुळे एका फंक्शनचा भार वाटतो तेवढा हलका नसतो. काही हजार घटकांपर्यंत नमुन्याची तुलना आणि हाताने लिहिलेली अट यांतला फरक मला पडद्यावर कधी जाणवला नाही. खरा फरक पडतो तो शोधाची फेरी किती वेळा मारली जाते यावर. 1,000 क्रमांकांची यादी घेऊन प्रत्येकासाठी 1,000 प्रश्नांत ‘फाइंड’ चालवले तर वाईटात वाईट 10 लाख तुलना होतात. तेच प्रश्न एकदा क्रमांकानुसार मांडून ठेवले तर एक फेरी मांडणीची आणि मग 1,000 थेट वाचने पुरतात. यासाठी लोडॅशचे ‘कीबाय’ एका ओळीत काम करते, पण ते साधे ऑब्जेक्ट बनवते, म्हणून अंक 7 आणि मजकूर ‘7’ या दोन किल्ल्या एकच होतात आणि एकाच क्रमांकाचे दोन प्रश्न असल्यास नंतरचा आधीच्याला पुसून टाकतो. किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणारा भाषेतला ‘मॅप’ निदान पहिली चूक तरी होऊ देत नाही. आणि शोधातून मिळालेले ऑब्जेक्ट ही प्रत नसून मूळ वस्तूच असते, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे. सापडलेल्या प्रश्नात बदल केला की पेढीतला प्रश्न बदलतो.

सुरक्षिततेच्या संदर्भात लोडॅशचे नाव वारंवार निघते, तेव्हा तेही पाहून घेतले. 2019 मध्ये गाजलेली त्रुटी ‘डिफॉल्ट्सडीप’ या फंक्शनमध्ये होती, तिच्यामुळे बाहेरून आलेल्या डेटाला ऑब्जेक्टांच्या मूळ प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे सर्व ऑब्जेक्ट ज्याचे गुणधर्म घेतात त्या समाईक साच्यात, शिरकाव करता येत असे, आणि 4.17.12 या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. हा प्रश्न ऑब्जेक्टमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनांचा आहे. ‘फाइंड’, ‘फिल्टर’ आणि ‘गेट’ केवळ वाचतात. तरीही जुनी आवृत्ती कोणत्यातरी तिसऱ्याच पॅकेजच्या मागून प्रकल्पात येऊन बसलेली असू शकते, म्हणून अवलंबित्वांची यादी एकदा तपासून पाहणे बरे.

आजच्या घडीला आमच्या प्रकल्पातून लोडॅश जवळजवळ निघून गेली आहे. ‘गेट’ची जागा प्रश्नचिन्ह-टिंबाने घेतली, ‘फ्लॅटमॅप’ आणि साधे ‘फाइंड’ भाषेतलेच वापरतो, उपप्रकरणांचे झाड हातच्या कोडने धुंडाळतो आणि ‘कीबाय’च्या जागी ‘मॅप’ आला आहे. उरली आहे ती नमुन्याने चालणारी एकच ‘फिल्टर’. संपादकाने पडद्यावरच्या चौकटींत भरलेल्या अटींवरून नमुन्याचे ऑब्जेक्ट आपोआप तयार होते, ते जसेच्या तसे ‘फिल्टर’ला दिले जाते, आणि उद्या नवी चौकट वाढली तरी शोधाच्या कोडला हात लावावा लागत नाही. हे ‘सम’च्या आत ‘सम’ लिहून करण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा आधीचाच कोड परत आणला. रिकाम्या चौकटी नमुन्यातून आधी गाळून टाकणारी चार ओळींची चाळणी तेवढी त्याच्या अलीकडे बसवली आहे.